प्रभाकर पाऊल

महानंदाबाई बिराजदार मागं न बघता उलट्या चालायच्या. सोलापुरातल्या आमच्या विम्याच्या ऑफिसात टेबलांच्या दोन रांगा होत्या. त्या रांगांमधून, हातात भरलेला चहाचा कप घेऊन, समोरच्याशी बोलत बोलत त्या पाठीमागं सरकत जायच्या आणि बरोबर आपल्या खुर्चीपाशी थांबून खाली बसायच्या. चहा सांडायचा नाही, पदर कुठं अडकायचा नाही. मी नवीन होते तेव्हा एकदा न राहवून म्हणाले, "मॅडम, जपून, मागं स्टूल आहे."

त्या स्टुलाला वळसा घालून गेल्या, बसल्या, चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "वैजू, ते स्टूल सकाळपासनं तितंच हाय की."

बाई हौशी रंगभूमीवर काम करायच्या. शुक्रवार पेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. ठेंगणा बांधा, सावळा रंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि अंगाच्या मानानं फार मोठे डोळे. ऑफिसात बोलताना हाय-न्हाय चालायचं, फुलवालीशी आणि देवळात कानडी, आणि रंगमंचावर उभ्या राहिल्या की अशी स्वच्छ, टोकदार मराठी, की ही तीच बाई का असं वाटावं. एकदा मी विचारलं, हे जमतं कसं. म्हणाल्या, "तितं मी नसतेच की. मग माझी बोली कशाला असंल?"

त्यांचा एक नेम होता. तालमीच्या आधी अर्धा तास जाऊन त्या रिकाम्या रंगमंचावर अनवाणी फिरायच्या. कुठली फळी कुरकुरते, कुठं खिळा वर आलाय, कुठं उतार आहे, हे सगळं तळपायाला पाठ करून ठेवायच्या. नाटकवाले जागा म्हणतात ती, म्हणजे कुठल्या वाक्याला नटानं नेमकं कुठं उभं असायचं ते ठिकाण, बाईंची कधी चुकली नाही. प्रकाशयोजना करणारी मंडळी तर म्हणायची, बिराजदारबाई असल्या की दिवा डोळे मिटून लावावा, त्या त्याच्याखाली असतातच.

आणि बाई विसरायच्या नाहीत. चांगलं केलेलंही नाही, वाईट तर नाहीच.

ऑफिसात एक साहेब बदलून आले. पहिल्याच आठवड्यात, बाई कुणाला तरी काहीतरी रंगवून सांगत होत्या तेव्हा, सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, नाटकं घरी करायची. इथं काम करायचं." बाई म्हणाल्या, "व्हय साहेब." त्या दिवसापासून त्या साहेबांशी एका सुरात बोलायला लागल्या. चढ नाही, उतार नाही, थांबा नाही. कागद वाचून दाखवणं असो नाहीतर नमस्कार असो, सगळं एकसारखं सपाट. उद्धटपणाचा एक शब्द नाही, तक्रार करायला जागा नाही. एका दुपारी साहेब सह्या करत असताना बाई आत गेल्या आणि त्याच आवाजात म्हणाल्या, "साहेब दोन अर्ज परत आलेत घरून फोन होता तुमच्या मुलीला मुलगा झाला शिक्क्याची शाई संपलीय." साहेब "बरं" म्हणाले आणि सह्या करत राहिले. आजोबा झाल्याचं त्यांना संध्याकाळी घरी गेल्यावर, बायकोनं चिडून विचारल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बाईंच्या टेबलापाशी आले. "मॅडम, तुम्ही पहिल्यासारखं बोला हो." बाई त्याच सपाट आवाजात म्हणाल्या, "बघते साहेब." नंतर बोलल्या, पण लगेच नाही.

त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचं प्रकरण मला तेव्हाही थोडं जास्त वाटलं होतं. त्या काकू गल्लीत बोलून गेल्या होत्या, बिनलग्नाच्या बाईला कसली आलीय तालीम. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी आग्रह केला, काहीतरी करून दाखवा. बाईंनी त्याच काकूंची भाजीवाल्याशी घासाघीस करून दाखवली. वावगं एक अक्षर नव्हतं, फक्त ते हुबेहूब होतं. तोच नाकातला आवाज, तेच 'आधी वास तर घेऊ दे' म्हणत मेथीची जुडी नाकाला लावणं. बायका हसून हसून लोळल्या. काकूही हसल्या, सगळ्यांत आधी त्याच हसल्या. पण त्यानंतर त्या भाजीच्या गाडीशी उभ्या राहिल्या आणि तोंड उघडलं की आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावायच्या. शेवटी काकू बोटानं दाखवून भाजी घ्यायला लागल्या.

मी बाईंना म्हणाले, "एवढं कशाला हो?"

"ती बोलली त्या दिशी मला घास गेला न्हाय," बाई म्हणाल्या. "तिला जातोय की. भाजीच तेवढी मुक्यानं घेती."

हे सगळं सांगायचं कारण, पुढं जे झालं ते अशा बाईच्या बाबतीत झालं.

बाईंना नाटकात आणलं प्रभाकररावांनी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना होता, पण त्यांचा जीव नाटकात. गिरण्यांच्या काळातल्या एका जुन्या सभागृहाचे ते विश्वस्त होते आणि तिथल्याच नाट्यसंस्थेचे दिग्दर्शक. उंच, गोरे, पांढरा झब्बा, सगळ्यांना 'राजा' म्हणायची सवय. बायकांनाही राजाच. बाई कॉलेजात असताना एका स्पर्धेत त्यांनी त्यांना पाहिलं आणि घरी जाऊन त्यांच्या आईला समजावून परवानगी मिळवली. बाईंची आई फक्त कानडी बोलायची. प्रभाकररावांनी तिच्यासाठी चार वाक्यं कानडी शिकून घेतली होती. बाई हे फार मायेनं सांगायच्या. त्यांच्या देवघराच्या भिंतीवर आईवडिलांच्या फोटोशेजारी प्रभाकररावांचा एक फोटो होता.

त्या वर्षी राज्याच्या हौशी स्पर्धेसाठी प्रभाकररावांनी मोठं नाटक घेतलं. आई आणि मुलगा यांची गोष्ट. मुलाच्या हातून एकाचा जीव गेलाय, आणि पोलिसांना खबर आईनंच दिलीय. शेवटच्या प्रवेशात मुलाला ते कळतं. तो घराच्या आतल्या दारातून पुढं येतो आणि आई त्याच्याकडं बघत, प्रेक्षकांकडं पाठ करून, एकेक पाऊल मागं येत रंगमंचाच्या अगदी कडेपर्यंत पोचते. बाईंना उलटं चालता येतं म्हणूनच प्रभाकररावांनी हे बसवलं होतं. आईचा चेहरा दिसत नाही, फक्त पाठ दिसते, आणि पाठीवरून सगळं कळतं.

त्यासाठी रंगमंच अपुरा पडत होता. प्रभाकररावांनी पुढच्या बाजूनं तो वाढवून घेतला. जुना भाग सागवानी फळ्यांचा, पावलांनी आणि धुण्यापुसण्यानं झिजून पातळ झालेला. नव्या फळ्या जाड. मुनीर मिस्त्रींनी खालचा सांगाडा एका पातळीत बसवला, वर फळ्या ठोकल्या, आणि जुनं-नवं जिथं मिळतं तिथं आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर उंचीची कड राहिली. मिस्त्री म्हणाले, नव्या फळ्या परत उचलाव्या लागतील, दोन दिवस द्या. प्रभाकरराव म्हणाले, स्पर्धा झाल्यावर बघू, राजा. वर काळं जाजम अंथरलं.

रंगीत तालमीच्या दिवशी मी बाईंचा डबा घेऊन गेले होते, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. बाई अनवाणी फिरून आल्या आणि म्हणाल्या, "प्रभाकरकाका, ती कड टाचेला लागती. मी मागं येते तवा कड समोरनं दिसत न्हाय मला."

"तुला दिसायची काय गरज, राजा? तुला ठाऊक असतंय की सगळं."

"ठाऊक हाय. पण त्या वक्ताला मी आई असते. तिला कुटं ठाऊक हाय?"

प्रभाकरराव हसले. "उद्या सकाळी मिस्त्रीला बोलावतो. तू जेव."

सकाळी कुणी आलं नाही. प्रयोग संध्याकाळी झाला. मी चौथ्या रांगेत होते. शेवटचा प्रवेश आला, सभागृहात पंख्यांचा तेवढा आवाज. बाईंची पाठ आमच्याकडं. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. माझ्या शेजारचा माणूस पुढं झुकून बसला होता. मग त्यांची टाच त्या कडेला लागली आणि बाई उताण्या पडल्या. पाय वर, साडी गुडघ्यापर्यंत. मुलाचं काम करणारा पोरगा बिचारा इतका गांगरला की त्याच्या तोंडून पुढचं वाक्य तसंच बाहेर पडलं, "आई, आता कुठं जाशील?"

सगळं सभागृह हसलं. मुद्दाम हसलेलं नव्हतं, पण थांबता थांबेना. एका कोपऱ्यात ओसरायचं आणि दुसऱ्यात फुटायचं. बाई उठल्या, साडी सारखी केली आणि राहिलेलं नाटक पुरं केलं. त्यांचं उजवं मनगट मोडलंय हे तेव्हा कुणालाच कळलं नाही.

आत रंगपटात त्या मनगटाला टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या. मी शेजारी होते. दारात प्रभाकरराव परीक्षकांशी बोलत होते. आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं. ते म्हणाले, "अनुभवी आहे हो ती. पण आज जागा चुकली तिची."

बाईंनी मान वर केली. त्या प्रभाकररावांकडं बघत राहिल्या आणि त्यांनी एकदाही इकडं बघितलं नाही. मग कपडे न बदलताच माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. पुढं तेच वाक्य पेपरात आलं, तेच संस्थेच्या बैठकीत बोललं गेलं. मी चारचौघांना खरं काय ते सांगितलं. लोक म्हणायचे, असेल, पण जागा तर चुकलीच ना. पुढच्या नाटकाला प्रभाकररावांनी दुसरी बाई घेतली.

प्लास्टर घालून बाई ऑफिसात आल्या तेव्हा देवघराच्या भिंतीवरचा तो फोटो उतरलेला होता. मला एवढंच म्हणाल्या, "वैजू, मला त्या माणसाला उलटं चालताना बघायचंय."

मनगट वाकडंच जुळलं. बाई डाव्या हातानं सही करायला शिकल्या. नाटक बंद झालं. इतर संस्थांनी विचारलं, पण त्या गेल्या नाहीत. आणि ती कड तशीच राहिली. मुनीर मिस्त्री दोनदा जाऊन विचारून आले. प्रभाकरराव म्हणाले, आता नको. आता नीट केली तर त्याचा अर्थ काय होतो, हे त्यांना पक्कं समजत होतं. जाजमाखालची ती कड म्हणजे त्यांची अब्रू झाली होती.

बाई संस्थेच्या आजीव सभासद होत्या. दरवर्षी सर्वसाधारण सभेला जायच्या, शेवटी हात वर करायच्या आणि विचारायच्या, "रंगमंचाची फळी नीट झाली का?" एवढंच. उत्तर यायचं, विचाराधीन आहे. त्या खाली बसायच्या. पहिल्यांदा लोक कंटाळले, मग हसायला लागले, मग त्या हात वर कधी करतात याची वाट बघायला लागले. प्रभाकरराव मात्र त्या वेळी नेमके पाणी प्यायला उठायचे.

खरा घाव बाईंनी घातला तो अगदी सहज. माझ्या मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन त्या सभागृहात होतं. मीच बाईंना मुलांच्या नाटुकल्याला जरा बघा म्हणून ओढून नेलं होतं. तालमीत एक मुलगी त्या कडेला ठेचकाळली. शाळेच्या बाई धावल्या. महानंदाबाई विंगेत उभ्या होत्या. तिथूनच, चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाल्या, "हितं प्रभाकर पाऊल टाकायचं असतंय."

"म्हणजे?" शाळेच्या बाईंनी विचारलं.

"पाय जरा उचलून टाकायचा. ह्या रंगमंचावर प्रभाकर पाऊल म्हणतात त्याला."

शाळेच्या बाईंना तो नाटकातलाच शब्द वाटला. त्यांनी सगळ्या मुलांना शिकवलं. इथं आलं की प्रभाकर पाऊल. पुढच्या कार्यक्रमाला दुसऱ्या शाळेनं ते उचललं. ध्वनी आणि प्रकाशवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं. बाहेरगावच्या नाटकवाल्यांना इथली माणसं सांगायला लागली, पुढं येताना प्रभाकर पाऊल सांभाळा. पुण्याहून शिबिराला आलेल्या एकानं तर वहीत लिहून घेतलं. वर्षभरात ते रस्त्यावर आलं. शुक्रवार पेठेत गटारीचं काम निघालं होतं तेव्हा एक कॉलेजची पोरगी मैत्रिणीला म्हणाली, "प्रभाकर पाऊल टाक गं, चिखल हाय." ती आमच्या दोघींच्या शेजारून गेली. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो शब्द त्यांनी त्या एका तालमीनंतर परत कधी तोंडातून काढला नाही. त्यांना गरजच पडली नाही.

प्रभाकररावांना हे कळलं असणारच, पण त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते झालं त्यांच्याच सत्काराला. पंचाहत्तरी होती. सभागृह भरलेलं, व्यासपीठावर हार, समई, सत्काराला त्यांच्याच कारखान्यातले टॉवेल. निवेदन करायला एक नवीन मुलगी होती, बाहेरच्या कॉलेजातली. पाहुणे दीपप्रज्वलनाला पुढं यायला लागले तेव्हा ती माइकवरून गोड आवाजात म्हणाली, "मान्यवरांना विनंती, पुढे येताना कृपया प्रभाकर पाऊल टाकून यावे."

कुणीतरी खोकलं. मग मागच्या रांगेतून एक हसू फुटलं, आणि मग थांबेना. ती मुलगी भांबावून कागद बघायला लागली. प्रभाकरराव कडेच्या अलीकडं उभे होते. सगळ्या सोलापूरची नजर त्यांच्या पायाकडं. त्यांनी पाय उचलला आणि उंच टाकला. दुसरं काही करताच आलं नसतं.

बाई तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी होत्या. त्या हसल्या नाहीत. हसणाऱ्यांकडं वळून एकेकाला बघत होत्या.

आठवडाभरात प्रभाकरराव त्यांच्या घरी आले. बाईंनी मला आधीच बोलावून ठेवलं होतं. "तू नुसतं बस, बोलू नको," म्हणाल्या. म्हातारा माणूस जिना चढून धापा टाकत आला. बाईंनी पाणी दिलं, पाया पडल्या. प्रभाकररावांनी भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडं बघितलं आणि खाली बसले.

"महानंदा, ते नाव बंद कर."

"मी कुटं म्हणते? लोकं म्हणतात."

"तूच काढलंस ते."

"व्हय."

मग ते म्हणाले, "मी तुला काय नाही दिलं? तुझ्या आईच्या पुढ्यात मी बसलोय."

"म्हणून तर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "परक्या माणसानं म्हटलं असतं, जागा चुकली, तर मी सोडून दिलं असतं. तुमी म्हणला. तुमाला ठाऊक होतं, मी सांगितलंवतं, आन तुमी म्हणला."

प्रभाकररावांनी डोळे मिटून घेतले. "काय करू सांग."

"फळी नीट करा. मी उभी राहून करून घेणार."

प्रभाकरराव म्हणाले, वरून पितळी पट्टी मारून घेऊ, तासाभराचं काम. बाई म्हणाल्या, "पट्टी म्हणजे आनि एक ठेच. साकु." कानडीतलं हे 'पुरे' त्या म्हणाल्या की पुढं कुणी बोलायचं नाही.

मुनीर मिस्त्री आता म्हातारे झाले होते, काम त्यांच्या मुलानं केलं आणि ते खुर्चीवर बसून सांगत राहिले. "ऊपर से छीलने का नै. नवा वाला नीचे उतारने का." नव्या भागाच्या सगळ्या फळ्या उचलल्या. खालच्या वाशांना खाचा घेऊन ते खाली उतरवले, परत फळ्या बसवल्या. तरी जुनं लाकूड एकसारखं झिजलेलं नव्हतं. मधे जास्त, कडेला कमी. मग मिळणीवर सागाची रुंद पट्टी बसवली, तिच्या एका अंगाला जुन्या फळीची जाडी, दुसऱ्या अंगाला नव्या फळीची, आणि मधला उतार रंध्यानं इतका सावकाश काढला की डोळ्यांना दिसू नये. बाई डावा तळहात फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, "आजून." मग चप्पल काढून टाचेनं बघायच्या. "हितं आजून." मिस्त्रींचा मुलगा वैतागला. म्हातारे मुनीर म्हणाले, "बाई बोलते वैसा कर."

काम झालं त्या दुपारी सभागृहात आम्ही चौघं-पाचजण होतो. जाजम गुंडाळून भिंतीशी ठेवलं होतं. बाई खाली पहिल्या रांगेत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काका, आतल्या दारापासनं या. तोंड तिकडं. मागं बघायचं न्हाय."

प्रभाकररावांना कळलं. त्यांनी काठी मिस्त्रींच्या मुलाकडं दिली, चपला काढल्या. पंचाहत्तरीचा माणूस आमच्याकडं पाठ करून एकेक पाऊल मागं यायला लागला. हात किंचित पसरलेले. मला वाटत होतं, आता पुरे, थांबवा त्यांना. बाई पुढं झुकून बसल्या होत्या. त्यांना काय हवं होतं ते मी सांगू शकत नाही. त्यांच्या तोंडाकडं बघून मला त्या वेळी भीती वाटली.

ते मिळणीवरून गेले आणि तसेच मागं येत राहिले. "कधी येतेय ती?" त्यांनी विचारलं.

"गेली," बाई म्हणाल्या.

ते थांबले. खाली बघितलं. मग तिथंच, नव्या फळ्यांवर बसले आणि म्हणाले, "तुझी जागा चुकली नव्हती, महानंदा."

"मला ठाऊक हाय," बाई म्हणाल्या. "लोकास्नी सांगा."

त्यांनी सांगितलं. पुढच्या सभेत, माइकवरून, नाव घेऊन. तिथं सगळं मिटायला हवं होतं. प्रभाकररावांनाही तसंच वाटलं. त्यांनी शेवटचं म्हणून एक नाटक घेतलं होतं, त्याची संहिता घेऊन ते परत तो जिना चढले. म्हातारीचं काम होतं. घरातून काढून दिलेली बाई कित्येक वर्षांनी त्याच घरात परत येते. "हे तुझ्याशिवाय कुणी करू शकत नाही," ते म्हणाले.

बाईंनी संहिता ठेवून घेतली. मी रोज विचारायची, काय ठरलं. त्या म्हणायच्या, वाचतेय. मला दिसत होतं, त्या उजळल्या होत्या. भाजी निवडताना पुटपुटत असायच्या. मग एक दिवस संहिता कापडी पिशवीत घालून त्यांनी माझ्याच हाती परत पाठवली. निरोप दिला, "दुसरी बघा म्हणावं."

मी चिडले. "बाई, सगळं झालं की. फळी नीट झाली, माफी मागितली. आता कुणाला शिक्षा देताय?"

"त्यालाच."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पिशवी उचलली आणि निघाले.

ते काम बँकेतल्या एका बाईंनी केलं, चांगलं केलं. पहिल्या प्रयोगाला महानंदाबाई तिकीट काढून आल्या, शेवटून दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या. नाटक सुरू झालं आणि थोड्याच वेळात मला जाणवलं, अंधारात त्यांचे ओठ हलताहेत. म्हातारीचं प्रत्येक वाक्य. रंगमंचावरच्या बाईंच्या किंचित आधी.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगा म्हातारीला विचारतो, तू परत का आलीस. बँकेतल्या बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. पहिल्यांदा तो अभिनयच वाटला. मग विंगेतून पुटपुट ऐकू आली, ती त्यांना ऐकू गेली नाही. त्यांचे हात साडीशी चाळा करायला लागले. कुणीतरी खुर्चीत हललं. आता हसू फुटेल असं मला वाटलं, आणि मी बाईंकडं बघितलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग माझ्या शेजारून, अंधारातून, बसल्या जागेवरून आवाज आला. चढलेला नाही, पण शेवटच्या भिंतीपर्यंत पोचणारा. "मी घर मागायला आले नाही. दार कुणी लावलं होतं, ते बघायला आले."

सगळं सभागृह मागं वळलं. वरच्या बाईंनी ते वाक्य उचललं, पुढचं बोलल्या, अंक पडला. लोकांना वाटलं ते तसंच बसवलेलं आहे. टाळ्या थांबेनात. प्रभाकरराव विंगेतून अर्धे बाहेर आले होते आणि अंधारात नुसते बघत होते. त्यांच्या त्या शेवटच्या नाटकातलं सोलापूरला आजही एवढंच आठवतं, प्रेक्षकांतून आलेलं एक वाक्य. असं होणार हे महानंदाबाईंनी ओळखूनच केलं, की ते वाक्य रिकामं पडलेलं त्यांना बघवलं नाही, हे मला कधी कळलं नाही. त्यानंतर महिन्याभरात त्या करकंबला बहिणीकडं राहायला गेल्या. फोनवर बोलतो आम्ही, पण भेट झालेली नाही.

त्या रात्री टाळ्या चालू असतानाच त्या उठून गेल्या होत्या. मी रांगेतून वाट काढत बाहेर आले तेव्हा फाटकाशी एक शेअर रिक्षा भरत होती. बाई लग्नाच्या खरेदीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायकांच्या मधे अंग चोरून बसल्या होत्या. मी हाक मारली. त्यांचं लक्ष नव्हतं. समोर रिक्षावाल्याच्या पाठीकडं डोळे लावून त्या पुढचा अंक म्हणत होत्या, आणि शेजारची बाई पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्या तोंडाकडं बघत बसली होती. रिक्षा सुटली, रस्त्याला लागली. वळणावर दिवा होता, तिथं परत एकदा दिसल्या. अजून म्हणतच होत्या.